मुंबईत नव्याने लावलेल्या फळझाडाची काळजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत फळझाडांची लागवड बहुतेक जून-जुलैमध्ये होते आणि लावलेली झाडे दगावतात ती बहुधा पुढच्या फेब्रुवारी ते मे या काळात. पावसाळ्याचे चार महिने झाड आपोआप हिरवे राहते, त्यामुळे ते रुजले असा सर्वांचा समज होतो. प्रत्यक्षात त्याची मुळे तोवर पिशवीतल्या मूळच्या मातीतून जेमतेम बाहेर पडलेली असतात. सोसायटीच्या आवारात, चाळीमागच्या मोकळ्या जागेत, शाळेच्या मैदानाच्या कडेला किंवा बंगल्याच्या अंगणात लावलेले आंबा, चिकू, जांभूळ, फणस, पेरू किंवा लिंबाचे झाड पहिली दोन वर्षे कसे सांभाळावे, याविषयी नेहमी विचारले जाणारे प्रश्न येथे एकत्र दिले आहेत.

लागवडीनंतर पहिल्या काही दिवसांत काय तपासावे?

सर्वप्रथम पिशवी काढली आहे की नाही, ते पाहावे. सामूहिक वृक्षारोपणाच्या गडबडीत काळी प्लॅस्टिकची पिशवी नुसती तळाशी फाडून रोप तसेच खड्ड्यात बसवले जाते, आणि झाड का वाढत नाही म्हणून वर्षभराने उकरून पाहिल्यावर मुळे त्या पिशवीतच गोल गोल फिरलेली सापडतात. बुंध्यापासून चार बोटे अंतरावरची माती हाताने बाजूला करून प्लॅस्टिकची कड लागते का, ते पाहावे. लागल्यास पावसाळा सुरू असतानाच मातीचा गोळा फुटू न देता रोप उचलावे, पिशवी उभी कापून काढावी आणि रोप पुन्हा लावावे.

दुसरी गोष्ट कलमाच्या जोडाची, म्हणजे मुळे असलेल्या खुंटावर हव्या जातीची काडी जेथे जोडलेली असते त्या जागेची. जोड जमिनीच्या वर किमान एक वीत असावा. खड्ड्यातली भुसभुशीत माती दोन-तीन मोठ्या सरींनंतर खाली बसते, तिच्याबरोबर झाडही खचते, आणि मग खळगा दिसतो म्हणून माळी वरून माती ओततो. अशा रीतीने जोड नकळत मातीखाली जातो आणि तेथे कुजण्यास सुरुवात होते. भर घालायची असल्यास ती बुंध्यापासून दूर, आळ्याच्या कडेला घालावी.

जोडावर गुंडाळलेली प्लॅस्टिकची पट्टी मात्र लगेच काढू नये. कलमावर आलेली नवी पालवी पक्व होऊन गडद हिरवी झाली, की ब्लेडने पट्टीला एक उभा छेद देऊन ती सोडवावी. ही पट्टी विसरली गेली तर खोड जाड होऊ लागल्यावर ती सालीत रुतते, तेथे खोडाला कमरेसारखी खाच पडते आणि पुढच्या पावसाळ्यात वाऱ्याने झाड नेमके तेथेच मोडते.

पावसाळ्यात झाडाभोवती पाणी साचते. काय करावे?

मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. एखादा दिवस पाणी साचल्याने आंब्याचे किंवा चिकूचे कलम मरत नाही. मातीत आठवडाभर हवा शिरली नाही, तर मुळे गुदमरून कुजतात. म्हणून पावसाळ्यात आळे ठेवूच नये. आळ्याची कड मोडून बुंध्याभोवती, कलमाचा जोड झाकला जाणार नाही असा, मातीचा उतरता उंचवटा करावा आणि साचणारे पाणी बाहेर जाण्यासाठी एका बाजूने चर काढावा. पपई या बाबतीत सर्वांत नाजूक आहे. तिच्या बुंध्याशी दोन दिवस पाणी राहिले तरी ती आडवी होते.

आळे पुन्हा करायचे ते पाऊस परतल्यावर, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात.

पाऊस संपल्यावर पाणी किती आणि किती दिवसांनी द्यावे?

याचे उत्तर जमिनीवर अवलंबून असले तरी एक साधारण अंदाज सांगता येतो. पहिल्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दर दोन-तीन दिवसांनी सुमारे दहा लिटर, म्हणजे एक लहान बादलीभर पाणी पुरते. डिसेंबर-जानेवारीत आठवड्यातून दोनदा दिले तरी चालते. मार्चपासून पाऊस येईपर्यंत दर दोन दिवसांनी पंधरा लिटर द्यावे. दुसऱ्या वर्षी हे अंतर आठवड्यापर्यंत वाढवावे, परंतु एका वेळचे पाणी दुप्पट करावे. तिसऱ्या उन्हाळ्यात, जमीन खोल असेल, तर बहुतेक झाडांना पंधरवड्याने दिलेले भरपूर पाणी पुरेसे होते.

अंतर वाढवण्यामागे कारण आहे. रोज तांब्याभर पाणी घातले की वरची दोन बोटे माती ओली राहते आणि मुळेही तेवढ्याच थरात घुटमळतात. मग एखाद्या मे महिन्यात चार दिवस पाणी चुकले, की झाड माना टाकते. एकदम भरपूर पाणी देऊन मधल्या काळात वरचा थर सुकू दिला, तर मुळे ओलावा शोधत खाली जातात. पाणी द्यायचे की नाही, हे ठरवताना मातीचा वरचा रंग पाहू नये. मधले बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसावे: बोटाला गारवा लागला आणि माती चिकटली तर पाणी नको, बोट कोरडे निघाले तर पाणी द्यावे.

पाणी सकाळी लवकर द्यावे आणि ते बुंध्यावर न ओतता थोड्या अंतरावर, आळ्याच्या घेरात सोडावे. झाड वाढेल तसा हा घेरही फांद्यांच्या टोकांपर्यंत वाढवावा लागतो. पाच वर्षांच्या झाडालाही लागवडीच्या वेळच्या वीतभर आळ्यातच पाणी घालणारे माळी पुष्कळ आढळतात.

सोसायटीच्या झाडाला पाणी देण्याची व्यवस्था कशी लावावी?

आमच्या मते झाड जगण्याच्या दृष्टीने हा प्रश्न खत, औषध आणि जात या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा आहे, आणि तोच सर्वांत कमी विचारला जातो. लागवडीच्या दिवशी सगळी इमारत खाली उतरते. एप्रिलमध्ये मात्र प्रत्येकाला वाटते की माळी पाणी घालत असेल, माळ्याला वाटते की वॉचमन घालतो, आणि दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीत दोघेही गावी गेलेले असतात. म्हणून प्रत्येक झाडामागे एका घराचे नाव ठरवून ते सूचना फलकावर लावावे आणि ते कुटुंब बाहेरगावी जाणार असेल तेव्हा कोण पाणी घालील, तेही आधीच ठरवून घ्यावे.

काही दिवसांचीच अडचण असेल, तर वीस लिटरच्या जुन्या पाण्याच्या जारच्या बुडाला बारीक छिद्र पाडून तो आळ्यात ठेवावा. पाणी सावकाश झिरपत राहते. जारचे तोंड झाकलेले असावे, नाहीतर त्यात डासांच्या अळ्या होतात.

एसीचे, आरओचे किंवा बोअरवेलचे पाणी चालते का?

एसीच्या नळीतून गळणारे पाणी हे हवेतल्या बाष्पाचे असल्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात, आणि उन्हाळ्यात, नेमके झाडाला हवे तेव्हा, ते रोज बादलीभर मिळते. ते निःशंकपणे वापरावे. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी याच्या उलट अधिक क्षारयुक्त असते. अडीअडचणीला ते साध्या पाण्यात मिसळून घालण्यास हरकत नाही, परंतु उन्हाळाभर केवळ त्यावर झाड ठेवू नये.

बोअरवेलचे पाणी वापरण्यापूर्वी जिभेला लावून पाहावे. खाडीलगतच्या आणि भरणी घातलेल्या भागांत ते उन्हाळ्यात मचूळ होत जाते. नारळ आणि चिकू थोडाफार खारेपणा सहन करतात. आंबा आणि लिंबू करत नाहीत. जुन्या पानांची टोके व कडा करपून तपकिरी होऊ लागल्या, तर पाण्याचा खारेपणा हे पहिले कारण समजावे आणि महिन्यातून एकदा पालिकेचे गोडे पाणी भरपूर सोडून मातीतले क्षार खाली धुऊन काढावेत. कपडे धुतलेले साबणाचे पाणी, लादी पुसलेले फिनेलचे पाणी आणि गाड्या धुतलेले पाणी कोवळ्या झाडाच्या आळ्यात कधीच जाऊ देऊ नये.

आमच्या आवारातली माती म्हणजे निव्वळ राबिट आहे. अशा जमिनीत झाड जगेल का?

जगते, परंतु त्याला वेळ लागतो. इमारत बांधताना उरलेल्या विटांचे तुकडे, सिमेंटचा चुरा आणि टाइल्स यांवर वीतभर लाल माती पसरून बाग केली जाते, असे मुंबईतील बहुतेक आवारांचे चित्र आहे. सिमेंट आणि चुन्यामुळे अशी माती विम्लधर्मी (आम्लाच्या उलट गुणाची) होते व त्यातले लोह मुळांना घेता येत नाही. परिणामी नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. लागवड होऊन गेली असेल तर झाड उपटू नये. पहिल्या दोन वर्षांत दर पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या खड्ड्याच्या एका बाजूला, मुळांना धक्का न लावता, हात-दीड हात रुंद आणि तितकाच खोल चर खणावा, त्यातले राबिट बाहेर काढावे व चर चांगल्या मातीने आणि कुजलेल्या शेणखताने भरावा. पुढच्या वर्षी दुसरी बाजू घ्यावी.

पेव्हर ब्लॉक हा याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे. बुंध्याभोवती किमान एक मीटर लांब-रुंद जागा उघडी हवी. रंगकाम किंवा प्लास्टरचे काम सुरू असताना घमेली आणि ब्रश धुण्यासाठी कामगारांना झाडाचे आळे सोयीचे वाटते. काम सुरू होण्यापूर्वीच ठेकेदाराला याची स्पष्ट ताकीद द्यावी आणि झाडाभोवती तात्पुरते पत्रे उभे करावेत.

आच्छादन कशाचे करावे?

पाऊस संपला की आवारात पडलेला वाळका पाला चार बोटे जाडीचा थर होईल इतका आळ्यात पसरावा. त्यामुळे जमीन तापत नाही, पाणी निम्म्या वेळा देऊनही भागू शकते आणि पाला कुजून त्याचे खत होते. बुंध्याला मात्र तो चिकटू देऊ नये. चार बोटे जागा मोकळी सोडावी, कारण ओला पाला सालीला लागून राहिला तर साल कुजते आणि आडोशाने वाळवी चढते.

नारळाची सोडणे आच्छादनासाठी उत्तम, परंतु शहाळेवाल्याकडून आणलेली शहाळी तशीच टाकू नयेत. त्यांच्या पोकळीत पाणी साचते आणि डेंग्यूचे डास होतात. ती चिरून, पोकळ बाजू जमिनीकडे करून पसरावीत.

काठीचा आधार आवश्यक आहे का? जाळी किती दिवस ठेवावी?

जून-जुलैमधील नैर्ऋत्येचे वारे आणि दोन उंच इमारतींच्या मधल्या बोळातून घुसणारा वारा या दोहोंमुळे मुंबईत पहिल्या दोन पावसाळ्यांत आधार हवाच. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात शहरातील जुनी, मोठी झाडेही मोठ्या प्रमाणावर उन्मळून पडली होती. हात-दीड हात उंचीच्या कलमाची गोष्ट तर वेगळी सांगायला नको. बांबू मातीच्या गोळ्यात न ठोकता त्याच्या बाहेर, वाऱ्याच्या बाजूला ठोकावा. जुन्या सुती कापडाची पट्टी किंवा सुतळी खोड आणि बांबू यांच्यामध्ये आठच्या आकड्यासारखी फिरवून सैल बांधावी, म्हणजे खोड थोडे हलते आणि हलल्यानेच जाड होते. तार आणि नायलॉनची दोरी वापरू नये. दर तीन महिन्यांनी गाठ सोडून पुन्हा बांधणे हा या कामाचाच भाग आहे.

लोखंडी जाळी खोडाला किंवा फांदीला टेकू लागली की काढावी. जाळीत रुतून वाढलेली झाडे रस्त्यांच्या कडेला कोठेही पाहता येतात.

नवी पालवी तांबूस आहे आणि लोंबते आहे. हा रोग आहे का?

नाही. आंब्याची नवी पालवी तांबूस, मऊ आणि खाली लोंबणारीच असते. दोन-तीन आठवड्यांत ती पोपटी आणि मग गडद हिरवी होऊन ताठ होते. जांभळाची आणि कोकमाची कोवळी पानेही लालसर असतात. या पालवीवर घाईघाईने औषध फवारल्यास ती करपते. जुनी, हिरवी पाने लोंबत असतील तर मात्र प्रथम बोटाने माती तपासावी; पाणी कमी पडले तरी आणि जास्त झाले तरी पाने सारखीच लोंबतात, आणि जास्त झालेल्या पाण्यावर आणखी पाणी ओतल्याने अनेक झाडे दगावतात.

पाने एकाच बाजूने करपत असतील तर वर पाहावे. एसीच्या बाहेरच्या युनिटमधून येणारा गरम झोत किंवा समोरच्या इमारतीच्या काचांवरून परावर्तित होणारे दुपारचे ऊन हे मुंबईत नेहमी आढळणारे कारण आहे. पहिल्या उन्हाळ्यात त्या बाजूला हिरव्या शेडनेटचा पडदा उभा करावा. संपूर्ण झाड मात्र झाकू नये.

खत केव्हा व किती द्यावे?

लागवडीच्या वेळी खड्ड्यात शेणखत घातले असेल, तर पहिले तीन-चार महिने काहीही देण्याची गरज नाही. पावसाचा जोर ओसरल्यावर सप्टेंबरमध्ये, जमिनीत ओल असताना, एक घमेले चांगले कुजलेले शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड बुंध्यापासून एक वीत अंतरावर, गोलाकार उथळ चरात घालून मातीने झाकावी. पुढे दरवर्षी जूनच्या आरंभी आणि सप्टेंबरअखेरीस असे वर्षातून दोनदा खत द्यावे आणि झाडाच्या वाढीनुसार ते वाढवत न्यावे. भर पावसात दिलेले रासायनिक खत गटारात जाते, आणि कोरड्या मातीत दिलेले मुळे जाळते.

सोसायटीच्या ओल्या कचऱ्याचे खत वापरता येते, मात्र ते पूर्ण तयार झालेले असावे: त्याला ओल्या मातीचा वास यावा आणि त्यात भाजीचे देठ ओळखू येऊ नयेत. अर्धवट कुजलेले खत मातीत गेल्यावर तापते, आणि त्याच्या वासाने घुशी येतात.

मोहोर लवकर यावा म्हणून कोकणातील बागांमध्ये वापरले जाणारे कल्टार हे संजीवक वाढ पूर्ण झालेल्या मोठ्या झाडांसाठी असते. त्याने वाढ रोखली जाते. वाढीच्या वयातल्या कलमाला ते देणे म्हणजे त्याची उंची कायमची खुंटवणे होय.

बुंध्याजवळून जोमदार फुटवा आला आहे. तो ठेवावा का?

तो जोडाच्या वरून आला आहे की खालून, हे आधी पाहावे. जोडाच्या खालून आलेला फुटवा खुंटाचा, म्हणजे आंब्याच्या बाबतीत रायवळ आंब्याचा आणि चिकूच्या बाबतीत खिरणीचा असतो. तो कलमापेक्षा जोमाने वाढतो, सगळे अन्न ओढून घेतो, आणि दोन वर्षांत वरचा हापूस वाळून खाली रायवळच उरतो. चिकूच्या झाडावर दोन वेगवेगळ्या आकारांची पाने दिसतात, अशी तक्रार आली की बहुधा हेच घडलेले असते. असा फुटवा कोवळा असतानाच अंगठ्याने खुडून टाकावा. जाड झाल्यावर कापावा लागतो आणि पुन्हा फुटतो.

जोडाच्या वरच्या फांद्यांची छाटणी पहिल्या वर्षी करू नये. पुढे खोडावर जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंतच्या फांद्या टप्प्याटप्प्याने काढून, चहूबाजूंना विखुरलेल्या तीन-चार फांद्या राखाव्यात. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावावी.

पहिल्याच वर्षी मोहोर आला. ठेवावा की काढावा?

काढावा. कलमाची काडी फळे देणाऱ्या झाडावरून घेतलेली असल्याने हातभर उंचीच्या कलमालाही जानेवारीत मोहोर येतो, आणि घरातल्या ज्येष्ठांना तो खुडणे जिवावर येते. परंतु मोहोर आणि फळ यांवर खर्च होणारे अन्न मुळांच्या वाट्याचे असते, आणि फळ पोसण्याचे महिने हेच झाडाच्या पहिल्या कडक उन्हाळ्याचे महिने असतात. आंबा आणि चिकू यांची फुले पहिली तीन वर्षे, पेरू आणि लिंबू यांची पहिले वर्षभर खुडावीत. अगदीच मन होत नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जात ओळखण्यापुरते एखादे फळ ठेवण्यास हरकत नाही. रोपवाटिकेने दिलेला हापूस खरोखर हापूस आहे का, हेही त्यामुळे समजते.

कोणत्या किडींकडे लक्ष द्यावे?

लहान झाडाचा फायदा असा, की बहुतेक किडी डोळ्यांना दिसतात आणि हाताने काढता येतात. आंब्याच्या कोवळ्या फांदीचा शेंडा एकाएकी कोमेजून मान टाकू लागला, तर तो खाली निरोगी भागापर्यंत कापावा आणि उभा चिरून पाहावा. आत पोखरलेल्या नळीत गुलाबीसर अळी दिसते. ही शेंडा पोखरणारी अळी होय. शेंडा पिशवीत बांधून कचऱ्यात टाकावा. आंब्याचीच कोवळी पाने बुडाशी आडवी, सरळ रेषेत कापून झाडाखाली पडलेली आढळली, तर ते काम एका लहानशा भुंग्याचे असते. त्याची अंडी त्या पडलेल्या पानांतच असतात, म्हणून पाने रोज गोळा करून नष्ट केल्यास फवारणीची गरज बहुधा पडत नाही.

लिंबाच्या पानांवर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखा काळा-पांढरा ठिपका दिसला, तर तो हलतो का ते पाहावे; फुलपाखराची ती अळी एका आठवड्यात लहान झाड निष्पर्ण करते. पेरू आणि सीताफळावरील पिठ्या ढेकूण पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने, आणि तेवढ्याने न भागल्यास निंबोळी तेलाच्या फवाऱ्याने आटोक्यात येतो. फवारणी संध्याकाळी करावी. वाळवीचा मातीचा पापुद्रा खोडावर दिसला की खरवडून काढावा आणि आळ्यातले लाकडाचे कुजके तुकडे वेचून टाकावेत. नारळाच्या कोवळ्या सुईत, म्हणजे शेंड्याच्या न उमललेल्या पानात, गेंड्या भुंगा शिरतो, म्हणून आवारात शेणखताचा उघडा ढीग ठेवू नये. त्याची पैदास तेथेच होते.

मुंबईत या सगळ्यांपेक्षा अधिक नुकसान घूस करते. ती पाने खात नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही; एके दिवशी हिरवेगार झाड हाताने हलवताच उपटून येते आणि खाली बीळ व कुरतडलेली मुळे दिसतात. आळ्याच्या दोन-तीन फुटांत ताज्या मातीचा ढीग आढळताच बीळ खणून दगडांनी बुजवावे. लागवडीच्याच वेळी खड्ड्याच्या कडेने बारीक छिद्रांची लोखंडी जाळी उभी पुरली, तर हा त्रास पुष्कळ टळतो.

सणासुदीला रहिवासी पाने तोडतात आणि खोडावर दिवे लावतात. यामुळे झाडाला अपाय होतो का?

मोठ्या आंब्याची दोन डहाळी पाडव्याच्या गुढीला नेली, तर त्याला काही होत नाही. तीस-चाळीस पाने असलेल्या कलमाची दसऱ्याच्या तोरणासाठी वीस पाने तोडली, तर त्याचे निम्मे अन्न तयार होणे थांबते, आणि तेही पाऊस संपून कसोटीचा काळ सुरू होताना. तोरणासाठी पाने बाजारातून आणावीत, अशी सूचना दसऱ्यापूर्वी लावलेली बरी. दिव्यांच्या माळा गुंडाळताना खिळे आणि तार वापरू नये, आणि सण संपताच माळा उतरवाव्यात. निर्माल्यातील फुले आळ्यात चालतात; हार गुंफलेला दोरा, कापूर, उदबत्तीची राख आणि प्लॅस्टिक चालत नाही. खोडाला गेरू-चुना लावण्याची पद्धत जुन्या, जाड सालीच्या झाडांसाठी आहे, कोवळ्या सालीला त्याची आवश्यकता नाही.

गच्चीवरच्या ड्रममध्ये लावलेल्या झाडाची काळजी वेगळी असते का?

पुष्कळच वेगळी असते. दोनशे लिटरचा ड्रम मधोमध कापून केलेल्या कुंडीत ओली माती भरली, तर तिचे वजन दीडशे किलोंच्या पुढे जाते. म्हणून ड्रम गच्चीच्या मधोमध न ठेवता तुळईवर किंवा खांबाजवळ ठेवावेत आणि संख्या जास्त असल्यास स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घ्यावा. ड्रम विटांवर उचलून ठेवावा, म्हणजे तळाची छिद्रे मोकळी राहतात आणि गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर ओल टिकत नाही. मातीत निम्म्याच्या आसपास कोकोपीट व खत मिसळल्यास वजनही कमी होते. मार्च ते मे या काळात ड्रममधल्या झाडाला रोज पाणी लागते, आणि पाण्याबरोबर अन्नद्रव्ये वाहून जात असल्याने खत थोडे थोडे, परंतु महिन्याला द्यावे लागते.

ड्रमसाठी लिंबू, पेरू, अंजीर आणि डाळिंब योग्य ठरतात. आंबाच हवा असेल, तर दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून झालेली आम्रपाली ही ठेंगणी जात निवडावी. फणस आणि जांभूळ यांचा हट्ट गच्चीवर धरू नये.

फळे कधी मिळतील?

सांभाळ नीट झाला, तर पेरूला दोन-तीन वर्षांत, चिकूच्या कलमाला चौथ्या वर्षापासून, आंब्याच्या कलमाला पाचव्या वर्षाच्या आसपास फळे धरू लागतात. कोयीपासून वाढवलेल्या आंब्याला आणि बियांच्या जांभळाला आठ-दहा वर्षे थांबावे लागते. जांभळाचे कलम लावायचे असल्यास दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची कोकण बहाडोली ही जात उपलब्ध आहे. हापूस एका वर्षी भरपूर आणि दुसऱ्या वर्षी तुरळक फळतो, हा त्या जातीचा स्वभाव आहे. दरवर्षी फळे हवी असतील तर याच विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेली रत्ना अधिक भरवशाची.

वर्षानुवर्षे केवळ फुले येऊन फळ धरत नसेल, तर पपई आणि कोकम यांच्या बाबतीत झाड नर आहे का, ते पाहावे. कोकमाच्या बियांपासून झालेल्या रोपांपैकी सुमारे निम्मी नर निघतात, म्हणून मादी झाडावरून केलेले कलमच घ्यावे.

झाडाची सगळी पाने गळली आहेत. ते मेले असे समजावे का?

लगेच समजू नये. खोडाची साल शेंड्याकडून खाली येत नखाने हलकेच खरवडून पाहावी. आत हिरवा, ओलसर थर दिसला तर तेथपर्यंत झाड जिवंत आहे. त्याच्या वरचा वाळलेला भाग कापावा, सावली करावी, पाणी माफक ठेवावे आणि पहिल्या पावसापर्यंत वाट पाहावी. हिरवा थर केवळ जोडाच्या खालीच उरला असेल, तर जगलेले झाड खुंटाचे आहे, आणि त्याचे पुढे काय करायचे ते त्या दृष्टीने ठरवावे. त्यावर जूनमध्ये जाणकार माळ्याकडून नव्याने कलम बांधून घेता येते.

इमारतीचा पुनर्विकास होणार आहे. लावलेले झाड हलवता येईल का?

लागवडीनंतर पहिल्या दोन वर्षांत, आणि तेही जूनच्या चांगल्या पावसानंतर, झाड हलवणे बऱ्यापैकी सुरक्षित असते. बुंध्याभोवती फूटभर अंतरावर गोल खणून, मातीचा गोळा गोणपाटात आवळून बांधावा, एक तृतीयांश पाने कमी करावीत आणि त्याच दिवशी नव्या जागी लावावे. त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्याला पहिल्या वर्षाचे झाड समजून वर सांगितलेल्या प्रमाणातच पाणी द्यावे. झाड मोठे झाल्यावर हा मार्ग राहत नाही: महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा खासगी आवारातील झाडांनाही लागू आहे आणि तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मोठ्या फांद्या छाटण्यापूर्वीही पालिकेच्या विभाग कार्यालयातील उद्यान खात्याकडे लेखी अर्ज करावा. पुनर्विकासाची चर्चा सुरू झालेली असेल, तर नवे झाड कुंपणाच्या भिंतीलगत, बांधकामाच्या रेषेबाहेर राहील अशा जागी लावावे आणि नकाशा तयार करणाऱ्या वास्तुविशारदाला त्याची जागा पहिल्याच बैठकीत दाखवून द्यावी.